मापाचा कागद: लष्कर भागातील एका शवपेटीच्या दुकानाविषयी

पुण्याच्या लष्कर भागात शवपेट्या बनवून देणारे एक जुने दुकान आहे. माझी एक तक्रारही असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. त्या परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांना ते सांगावे लागणार नाही, आणि इतरांना ओळखायचे झाले तर बेकरीच्या शेजारचे, सदैव अर्धे शटर ओढलेले दुकान एवढे पुरेसे आहे. या दुकानाशी माझा संबंध दोनदा आला: फेब्रुवारी २०२२ मध्ये वडिलांसोबत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये वडिलांसाठी.

पहिल्या वेळी जाण्याचा आग्रह वडिलांचाच होता. ते अहमदनगरच्या मिशन शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, वय ८१, प्रकृती वयाच्या मानाने ठणठणीत. रविवारची उपासना आटोपल्यावर ‘जाता जाता एक काम उरकू’ असे म्हणून त्यांनी रिक्षा त्या दुकानासमोर थांबवली, तेव्हा मला कमालीचे अवघडल्यासारखे झाले. दुकान रुंदीला जेमतेम दहा फूट. डाव्या भिंतीशी पेट्या उभ्या करून जुन्या चादरींनी झाकलेल्या होत्या, आत रंधा चालू होता, आणि फ्रेंच पॉलिशच्या वासाने डोळे चुरचुरत होते. माळ्यावर अडीच फुटांच्या दोन पांढऱ्या पेट्या होत्या. तिकडे मी पुन्हा पाहिले नाही.

मालक मूळचे गोव्याकडचे असावेत. त्यांनी ‘कोण गेलं?’ असे विचारले, आणि वडिलांनी ‘अजून कोणी नाही, मीच आलोय’ असे उत्तर दिल्यावर ते हसले नाहीत की दचकलेही नाहीत. त्यांनी स्टूल पुढे सरकवला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘अंकल, कबर नवी की जुनी?’

या प्रश्नातच त्या माणसाची व्यवसायावरील पकड दिसते. माझ्या आईला २००७ मध्ये सोलापूर रस्त्यावरील सेंट सेपल्कर कबरस्तानात माती दिली होती आणि तीच कबर उघडून वडिलांना ठेवायचे ठरले होते. शहरात नवी जागा मिळणे दुर्घट झाल्यामुळे अनेक कुटुंबे हेच करतात. अशा बांधीव कबरीची आतली रुंदी ठरलेली असते. पेटीची कडी दोन्ही बाजूंनी बाहेर येते, आणि ती धरून पेटी उतरवताना इंचभर जागा कमी पडली तर सगळ्यांसमोर पेटी तिरकी करण्याची पाळी येते. मालकांनी हे शांतपणे समजावून सांगितले आणि कबरस्तानात जाऊन आतले माप घेऊन यायला सांगितले. पेटी साधारणतः उंचीपेक्षा तीन इंच लांब करतात. वडिलांची उंची पाच फूट सहा इंच, खांद्यापाशी २० इंच. मालकांनी घेतलेले माप वडिलांनी स्वतः टेप धरून पुन्हा तपासले आणि अर्ध्या इंचाची चूक काढली. तिचा त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

लाकडाच्या बाबतीत दुकानाने दाखवलेला प्रामाणिकपणा मला विशेष वाटतो. सागवानी पेटीचा दर २८ हजार आणि आंब्याच्या लाकडाच्या साध्या पेटीचा साडेनऊ हजार असा सांगितला गेला. विक्रेत्याने महागाकडे ढकलावे अशीच माझी अपेक्षा होती, परंतु मालक म्हणाले, ‘सागवान कशाला? मातीला द्यायचंय ना? आंबा माती लवकर घेते. आणि आतून मखमल नको, ती नायलॉनची असते, वर्षानुवर्षं तशीच राहते. मांजरपाट लावू.’ दाट वस्तीतल्या कबरस्तानांची ही खरी अडचण आहे. कृत्रिम कापड आणि पॉलिशचे जाड थर यांमुळे देह मातीत मिसळायला फार वेळ लागतो, म्हणूनच वसईकडच्या काही धर्मग्रामांत (चर्चच्या विभागांत) पेटी पूर्णपणे वगळून पांढऱ्या कापडात दफन करण्याची पद्धत सुरू झालेली आहे. मातीला माती असे म्हणत मूठ टाकायची आणि त्याच मातीच्या वाटेत नायलॉन घालायचे, यातली विसंगती मला पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) तोंडून कधी ऐकायला मिळाली नव्हती. ती एका सुताराने दाखवली.

आगाऊ तयार पेटी ठेवून घेण्याची सोय मात्र या दुकानात नाही. जागा नाही हे कारण सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. मापाचा कागद फाइलला लावून ठेवतात, पाचशे रुपये घेतात आणि निरोप मिळाल्यापासून पाच तासांत पेटी देण्याचे कबूल करतात. ज्यांना हातात काहीतरी घेऊन घरी जायचे असते त्यांची येथे निराशा होईल. वडिलांची झाली नाही.

याचे कारण त्यांच्या तयारीच्या कल्पनेत पेटीला फारच थोडी जागा होती. बायबलमधला दहा कुमारींचा दृष्टांत त्यांनी आमच्या चर्चच्या मंडळीत अनेकदा सांगितला असेल. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या या दहाजणींपैकी पाच शहाण्यांनी भांड्यात जादा तेल घेतले होते, पाच मूर्खांनी नाही. दरवेळी ते एका गोष्टीकडे बोट दाखवत: वराला उशीर झाला तेव्हा पाच मूर्ख कुमारींबरोबर पाच शहाण्याही झोपी गेल्या होत्या. झोपेबद्दल कोणालाच दोष दिलेला नाही. ज्यांच्या भांड्यात तेल होते त्यांना झोपणे परवडत होते, असे ते म्हणत. अनंतकाळाची तयारी म्हणजे रात्रंदिवस टकटकीत डोळ्यांनी दाराकडे पाहत बसणे, अशी समजूत करून घेतलेली माणसे आमच्या नात्यात आहेत. त्यांच्या घरी गेले की चहासुद्धा धाकात प्यावा लागतो. वडील मात्र दुपारी दोन ते चार घोरत असत.

तेल कुठले, हे मला त्या दिवशी दुकानातून बाहेर पडल्यावर दिसले. त्यांनी रिक्षा घराकडे न वळवता वाकडेवाडीच्या बसस्थानकाकडे वळवायला सांगितली आणि आम्ही राहुरीला गेलो. धाकट्या काकांशी त्यांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते; शेताच्या बांधावरून झालेले भांडण होते, बांध सरकवला होता काकांनीच, याबद्दल गावात दुमत नव्हते. वडील ओट्यावर बसले, पाणी मागितले आणि म्हणाले, ‘बांध आहे तिथं राहू दे. तू जेवायला काय करणार आहेस ते सांग.’ काकू रडू लागल्या, काका उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. जेवण पिठलं-भाकरीचे झाले. मी चिडले होते, कारण तो बांध अखेर माझ्याही वाट्याचा होता, आणि परतीच्या गाडीत ते मी बोलूनही दाखवले. त्यांनी खिडकीला डोके टेकवले होते.

माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात वाढलेली, त्यामुळे रमाबाईंच्या गोष्टी आमच्या घरात नातेवाइकांच्या असाव्यात तशा सांगितल्या जात. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले, आणि ते हातावेगळे झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. वडिलांना या गोष्टीतला मृत्यू भावत नसे, त्यांना आवडे ते प्रूफे तपासणे. शेवटच्या दिवसांतही माणूस काना-मात्रा दुरुस्त करत बसतो, याचे त्यांना कौतुक होते. स्वतः त्यांनी जाण्याआधी आठच दिवस चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता.

आता दुसऱ्या वेळेविषयी. वडील पहाटे अडीचच्या सुमारास झोपेतच गेले. दुकानाच्या पाटीवर ‘२४ तास सेवा’ लिहिलेले आहे आणि ते खरे निघाले. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला, पन्नास मिनिटांत फ्रीझर घरी आला. घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांकडून फॉर्म ४ अ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) घ्या, आधार कार्डाची प्रत काढा, पाळकांचे पत्र कबरस्तानाच्या कार्यालयात उघडण्याच्या वेळेलाच पोचवा, कबर उघडायला माणसांना वेळ लागतो, हे सगळे आलेल्या मुलाने न विचारता सांगितले. त्या अवस्थेत असे सांगणारा माणूस लाभणे ही या सेवेची सर्वांत मोलाची बाजू आहे. पेटी नऊ वाजता आली. जोड स्वच्छ होते, मांजरपाट घट्ट ताणलेला होता, आणि कबरीत उतरवताना दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वचन वाचले जात असताना माझे लक्ष त्या बोटभर जागेकडे होते, हे कबूल केले पाहिजे.

तक्रारी दोन. फ्रीझरचे भाडे एका दिवसाऐवजी दोन दिवसांचे लावले होते. दाखवून दिल्यावर दोन हजार रुपये परत मिळाले. दुसरी चूक अधिक बोचरी होती. पेटीवरच्या पत्र्याच्या नामपट्टीवर वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ असे रंगवलेले होते. आयुष्यभर उपदेश करणाऱ्या माणसाला कैलासवासी करून पाठवायची वेळ आली होती. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ते पाहिले आणि शववाहिका निघण्यापूर्वी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसले. पुसटसा डाग राहिलाच. पेटी ताब्यात घेताना नामपट्टी उजेडात वाचून घ्यावी, एवढे इतरांना सांगावेसे वाटते.

हिशेब चुकता करायला गेले तेव्हा मालकांनी चूक मान्य केली आणि फाइलमधून मापाचा मूळ कागद काढून माझ्यापुढे ठेवला. लांबी, रुंदी, कडीसाठी सोडलेली जागा, सगळे वडिलांच्या अक्षरात. तळाशी दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती: ‘नावाआधी कै. लिहू नये. चुकून लिहिल्यास कारागिराला रागावू नये.’ मालकांनी ती त्या दिवशीच प्रथम वाचली होती. त्यांनी तो कागद ठेवून घेऊ का असे विचारले, आणि मी हो म्हणाले.