जर्मन क्रियापदांची मुळं शोधायची असतील तर डीडब्ल्यूडीएस डिक्शनरी (५ पैकी ४ स्टार)

जर्मनमधली ती तुटणारी (म्हणजे वाक्यात उपसर्ग सुटा होणारी) क्रियापदं आली की भलेभले वैतागतात, पुढचा तुकडा ओळखीचा, मागचा पण ओळखीचा आणि दोन्ही जोडले की अर्थ तिसराच. आउफह्यॉरन घ्या. आउफ म्हणजे वर, ह्यॉरन म्हणजे ऐकणं, आणि एकत्र केलं की थांबणं, बंद करणं! साध्या डिक्शनरी ॲपमध्ये नुसता अर्थ मिळतो, तो असा का ते कोणी सांगत नाही.

डीडब्ल्यूडीएस सांगते. बर्लिनच्या विज्ञान अकादमीची ऑनलाइन डिक्शनरी आहे, फुकट, आणि वोल्फगांग फायफर यांचा व्युत्पत्तिकोश (पहिली आवृत्ती १९८९) तिच्यातच घातलाय. आउफह्यॉरनचा उलगडा असा की माणूस मान वर करून कान टवकारतो तेव्हा हातातलं काम आपोआप थांबतं, मग हळूहळू ऐकणं मागे पडलं आणि थांबणं तेवढं उरलं. एकदा हे कळलं की शब्द पाठ करावा लागत नाही. आनफांगन म्हणजे सुरू करणं, त्यातलं फांगन म्हणजे पकडणं, म्हणजे कामाला हात घालणं, आणि या फांगनचं मूळ शोधत मागे गेलात तर थेट संस्कृत 'पाश' भेटतो, आता बोला!

आता तक्रारी. सगळं जर्मनमध्येच आहे, त्यामुळे नवशिक्यांनी इकडे फिरकू नका, निदान बी-वन (म्हणजे भाषेची मधली पातळी) तरी झालेलं हवं. व्युत्पत्तीचा भाग तर संक्षेपांनी नुसता खच्चून भरलाय, जुनी जर्मन, मधली जर्मन सगळं दोन-तीन अक्षरांत, आणि एका धातूचे सगळे भाऊबंद एकाच परिच्छेदात कोंबलेले, मोबाईलवर आपलं क्रियापद शोधता शोधता डोळे दुखतात. शिवाय प्रत्येक जोडक्रियापदाला स्वतंत्र इतिहास दिलेला नाही, मग उपसर्ग वेगळा आणि धातू वेगळा उघडून आपणच जुळवत बसायचं. एक स्टार त्यासाठी कापला.

अजून खोलात जायचं असेल तर ग्रिम बंधूंचा मोठा कोशही इथेच उघडतो. त्याचा पहिला खंड १८५४चा आणि शेवटचा १९६१चा, आउफह्यॉरन A अक्षरात असल्यामुळे पहिल्याच खंडात येतं. पण त्यात अर्थ बऱ्याचदा लॅटिनमध्ये दिलेत, तेव्हा वेळ काढूनच उघडा.