सायनसच्या रुग्णाने आधी काय घ्यावं: एअर प्युरिफायर, एन९५ मास्क की नाक धुण्याची बाटली?

दिवाळी सरली की मुंबई-ठाण्यात ‘माझा सायनस पुन्हा सुरू झाला’ म्हणणारे वाढतात. वारा मंदावतो, धूळ खालीच साचून राहते, आणि शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास तर बाराही महिने चालू असतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई महापालिकेने ७० मीटरपेक्षा उंच बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे लावायला सांगितले. पत्रे लागलेले दिसतात. डंपरवरची ताडपत्री मात्र शोधावी लागते. मग घरोघरी एकच प्रश्न: प्युरिफायर घ्यायचा का? माझं उत्तर असं की बहुतेकांनी तो सगळ्यात शेवटी घ्यावा. धूळ आत येऊ न देणं हे एक काम आणि आधीच आलेली सूज उतरवणं हे दुसरं. प्युरिफायर फक्त पहिलं काम करतो, तेही एका बंद खोलीपुरतं.

त्याआधी हा खरंच सायनस आहे का, ते बघा. नाक चोंदणं, पुढून किंवा घशात मागून स्राव येणं, चेहऱ्यावर दाब, वास कमी होणं, यातली किमान दोन लक्षणं (त्यात पहिल्या दोनपैकी एक हवंच) १२ आठवडे किंवा जास्त टिकली आणि दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज दिसली, तरच डॉक्टर त्याला जुनाट सायनुसायटिस (नाकाभोवतीच्या पोकळ्यांची सूज) म्हणतात. नुसतं कपाळ ठणकणं बरेचदा मायग्रेन निघतं. अमेरिकेत स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असं समजणाऱ्या सुमारे ३,००० जणांची पाहणी झाली, तेव्हा ८८ टक्के जणांची लक्षणं मायग्रेनची निघाली. अशा माणसाने तीस हजारांचं यंत्र आणलं तरी डोकं दुखायचं थांबणार नाही. आणि त्रास एकाच नाकपुडीत असेल, दुर्गंधी येत असेल, तर वरच्या दाढेचं मूळ किडलंय का हे दंतवैद्याला आधी विचारा.

धुळीचा संबंध मात्र खरा आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला उंदरांना १६ आठवडे शहराच्या हवेतले सूक्ष्म कण हुंगवले; गाळलेल्या हवेतल्या उंदरांच्या तुलनेत त्यांच्या नाकाच्या अस्तराची भिंत सैल पडली आणि सूज आणणाऱ्या पेशी वाढल्या. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडल्यावर तिथल्या ढिगाऱ्यात राबलेल्या कित्येकांना जुनाट सायनुसायटिस जडला. त्यांच्यासाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत तो आजार धरलेला आहे. आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वर्षाची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. म्हणजे सरकारी हिशेबात ‘मर्यादेत’ असलेली हवाही नाकाला सोसेलच असं नाही.

आता एकेक पर्याय. खर्चात सगळ्यात हलकी नाक धुण्याची बाटली: दोन-चारशे रुपये आणि मिठाच्या पुड्या. जलनेती करणाऱ्यांना हे नवं नाही. अस्तरावर चिकटलेले कण आणि घट्ट शेंबूड दोन्ही धुऊन जातात, आणि पुढे मारलेला औषधाचा स्प्रे नीट पोचतो. इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले: नाक धुणाऱ्यांना सहा महिन्यांनी थोडा पण खरा फरक पडला होता, वाफ घेणाऱ्यांना डोकेदुखी सोडता नाही. आपल्या घरातल्या वाफाऱ्याच्या भगोण्याला हे ऐकवत नाही, पण खरं आहे. वाफेने तात्पुरतं बरं वाटतं. भाजण्याची जोखीम वेगळी.

यात एक गोष्ट जिवावरची आहे. नळाचं किंवा आरओचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. ते प्यायला चालतं, नाकात नाही. पाण्यातला मेंदू खाणारा अमीबा नाकातूनच शिरतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली नेती पात्रात नळाचं पाणी वापरणारे दोघे असेच दगावले. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळून कोमट करा. एक लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा. बाटली रोज धुऊन वाळवा.

धुण्याच्या जोडीला डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे. ‘स्टेरॉइड’ ऐकून लोक बिचकतात आणि त्याऐवजी केमिस्टकडून नाक मोकळं करणारे थेंब आणून महिनोन्‌महिने वापरतात. हे उलटं आहे. ते थेंब आठवडाभरापेक्षा जास्त ओढले की नाक उलट जास्त चोंदतं. स्प्रे शरीरात फारच थोडा उतरतो, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नका. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारा, रोख त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं.

एन९५ बाहेर फिरणाऱ्यांचा. निम्मा दिवस रिक्षा, स्कूटर, साइटवर जात असेल तर धूळ तिथेच पोटात आणि नाकात जाते, घरी बसवलेलं यंत्र काय करणार? मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. निळा सर्जिकल मास्क धुळीसाठी जवळजवळ शोभेचाच. डिझेलच्या धुरातला वायू मात्र एन९५ने अडत नाही.

प्युरिफायर घ्यायचाच असेल तर ब्रँडआधी खोली मोजा. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राचा स्वच्छ हवेचा दर (तासाला किती हवा गाळून देतं तो आकडा) ताशी १६० घनमीटर असावा, आणि तोही आवाज सहन होईल अशा वेगावर. दुकानात सांगतात तो आकडा सर्वांत मोठ्या वेगाचा असतो. अगदी बारीक कण अडवणारा एच१३ दर्जाचा हेपा फिल्टर बघा, ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका, आणि दरवर्षीच्या फिल्टरचा खर्च आधीच जमेस धरा. खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्यांनी हा विचारच सोडावा. चाळीत, एका खोलीत स्वयंपाक आणि झोप दोन्ही असेल तिथेही तेच: फोडणीच्या वेळी खिडकी उघडणं जास्त उपयोगाचं.

क्रम कुणी उलटवावा? एसी लावून बंद खोलीत झोपणाऱ्याला रात्रीच जास्त त्रास होत असेल किंवा घरात दमेकरी असेल, तर प्युरिफायर स्प्रेच्या जोडीनेच आणावा. वाहतूक पोलीस, डिलिव्हरीवाले, साइट सुपरवायझर यांनी मास्क आधी. बाकीच्यांनी नाक धुणं आणि स्प्रे दोन-तीन महिने नेटाने करावं. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, तापासह मान आखडणं यातलं काही झालं तर वाट न बघता इस्पितळ. तीन महिन्यांनीही फरक नसेल तर प्युरिफायरच्या दुकानाआधी सीटी स्कॅन करून घ्या. त्याचा खर्च बहुतेक ठिकाणी यंत्रापेक्षा कमी येतो.