दारू सोडवण्यासाठी घरच्यांची बैठक: या सेवेत पैसे कशाचे द्यावेत, कशाचे देऊ नयेत

माणूस रोज पितोय, कबूल करत नाही, डॉक्टरकडे यायला तयार नाही. अशा वेळी समुपदेशकाच्या मदतीने घरच्यांनी एकत्र बसून त्याला उपचारासाठी राजी करायचं, ही पद्धत अमेरिकेतून आली आणि ‘इंटरव्हेन्शन’ हे नावही तिच्यासोबत आलं. आपल्याकडे या कामासाठी वेगळा परवाना नाही. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यातला अनुभवी समाजकार्यकर्ताही हे काम करतो आणि नुसतं कार्ड छापून घेतलेला दलालही. म्हणून ही सेवा एकगठ्ठा विकत घेऊ नये, तिचा एकेक भाग पारखावा. आमचं मत असं: तयारीच्या बैठकांचे पैसे खुशाल द्या. प्रत्यक्ष दिवशी समुपदेशक हजर राहणार असेल तर उत्तम. ‘आमची माणसं येऊन उचलून नेतील’ म्हणणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका.

सगळा कस तयारीत लागतो. पिणाऱ्याला न बोलावता घरच्यांच्या निदान दोन-तीन बैठका व्हायला हव्यात. पहिल्याच बैठकीत समुपदेशक काय विचारतो यावरून त्याची पारख होते. रोज किती, कोणती, किती वर्षांपासून, सकाळी उठल्याउठल्या लागते का, हात थरथरतात का, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का, शुगर-बीपीच्या गोळ्या कोणत्या, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कधी केली का, घरात मारहाण होते का. यातलं काहीच न विचारता कोणी थेट तारीख द्यायला लागला, तर तिथून उठावं. मारहाण होत असेल तर सगळ्यांनी समोर बसवण्याचा हा मार्गच नव्हे. आधी बायको-मुलांची सुरक्षितता. त्यासाठी १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक आहेत.

बैठकीला चार ते सहा माणसं पुरतात. त्याच्यासोबत पिणारा मेहुणा नको, ज्याचे पैसे अडकलेत तो चुलतभाऊ नको, लहान मुलं तर नकोतच. प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं: घडलेले दोन-तीन प्रसंग तारखेसह, तेव्हा मला काय वाटलं, आणि यापुढे मी काय करणार नाही. ‘तू घराची अब्रू घालवलीस’ हे वाक्य खोडायचं. ‘गणपतीत आरतीच्या वेळी तू पडलास, चिनू घाबरून माझ्यामागे लपली’ हे ठेवायचं. चांगला समुपदेशक ही पानं मोठ्याने वाचून घेतो आणि टोमणे वेचून काढतो. या एका कामासाठीही त्याची फी वसूल होते.

पानातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड. ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन कोण करतं? वाइन शॉपची उधारी कोण फेडतं? हे पांघरूण कोण, कधीपासून काढणार, ते नावानिशी ठरवावं लागतं. जे पाळणार नाही ते बोलूच नये. बैठका फसतात त्या बहुतेक इथेच: सगळं ठरतं, आणि ऐन वेळी आई म्हणते, ‘जाऊ दे, उद्यापासून सोडतो म्हणतोय ना.’ आईला दोष देण्यात अर्थ नाही, तिची तयारी कमी पडलेली असते.

‘उद्यापासून सोडतो’ किंवा ‘माळ घालतो’ यावरचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. माळेच्या आधाराने पुष्कळांची सुटली आहे, त्या श्रद्धेची टिंगल नको. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमाराला भ्रम, भास, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. तेव्हा उत्तर असं: ‘माळ जरूर घाल, आधी डॉक्टरांच्या देखरेखीत शरीरातून दारू उतरू दे.’

दिवस साधा निवडा, सण किंवा वाढदिवस नको. वेळ सकाळची, पहिला पेग पोटात जाण्याआधीची, पण तासाभरात आटोपणारी. रोज पिणाऱ्याला लांबलेली बैठक शरीरालाच झेपत नाही. व्यसनमुक्ती केंद्रातला बेड त्याच दिवसासाठी राखून ठेवलेला हवा, कारण तो ‘हो’ म्हणाला आणि केंद्राने ‘सोमवारी या’ सांगितलं, तर तो होकार सोमवारपर्यंत टिकत नाही. बॅग, चालू गोळ्या, जुने रिपोर्ट, आधारची प्रत गाडीत तयार. गाडी बायकोने चालवू नये. पहिल्यांदा तो बोलेल ज्याचं हा सगळ्यात जास्त ऐकतो, मग तो थोरला भाऊ असो की शाळेतला मित्र. शेवटी एकच सरळ प्रश्न: ‘आत्ता आपण निघतोय, येतोस ना?’ आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं.

आता ‘उचलून नेणाऱ्या’ गाडीबद्दल. रात्री चार माणसं पाठवून, हात बांधून नेण्याची ‘सोय’ देणारी केंद्रं आहेत. घरच्यांनी सही केली म्हणून कोणालाही असं कोंडता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित आजारही येतात. माणूस स्वतःहून दाखल झाला (कलम ८६) तर तो सुट्टी मागू शकतो. तपासणीसाठी त्याला फार तर २४ तास थांबवता येतं. त्याच्या मर्जीविना दाखल करायचं (कलम ८९) तर स्वतःला किंवा इतरांना धोका असल्यासारखी ठरावीक कारणं लागतात, दोघा तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. केंद्राची नोंदणी आणि रात्री डॉक्टर कोण असतो, हे फोनवरच विचारा. समुपदेशकालाही विचारा, ‘या केंद्राकडून तुम्हाला कमिशन मिळतं का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा शोधा.

तितकीच घातक दुसरी वस्तू म्हणजे ‘न सांगता दारू सोडवा’ या जाहिरातीतली पावडर. डायसल्फिरामसारखं, दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं औषध माणसाला कळू न देता आमटीत मिसळलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

समोरासमोरची एकच मोठी बैठक हा तरी सर्वोत्तम मार्ग आहे का? अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मद्यपींच्या १३० नातेवाइकांना तीन पद्धतींमध्ये विभागलं होतं. ‘क्राफ्ट’ पद्धतीत भांडण न करता, शुद्धीवर असताना जवळीक आणि प्यायल्यावर अंतर, असं वागणं घरच्यांना शिकवतात. त्या गटातले ६४ टक्के मद्यपी उपचारापर्यंत पोचले. समोरासमोरच्या बैठकीच्या गटात ३० टक्के, आणि अल-अनॉन या मद्यपींच्या नातेवाइकांच्या आधारगटाच्या वाटेवरच्या गटात १३. बैठकीच्या गटातल्या बहुतेक कुटुंबांनी ती बैठक प्रत्यक्षात घेतलीच नाही. म्हणून ‘क्राफ्ट’च्या धर्तीवर काही आठवडे शिकवणारा समुपदेशक मिळाला तर एका दिवसाच्या पॅकेजपेक्षा तोच घ्यावा. अल-अनॉनला मात्र या आकड्यावरून कमी लेखू नका. तिथे फी नाही, आणि तो गट मुळात घरच्यांना सावरण्यासाठी आहे.

पैसे कमी असतील तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ किंवा मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ यांवर आधी बोला. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या संस्थेत घरच्यांशी बोलणं हा उपचाराचाच भाग मानतात.

पॅकेज घेणारच असाल तर सही करण्याआधी एक ओळ लिहून घ्या: माणूस दाखल झाल्यावर आणि घरी परतल्यावर घरच्यांच्या किती बैठका होतील, आणि त्या कोण घेईल.