नॉर्मसाठी राउंड रॉबिन की ओपन?

बुद्धिबळातलं रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, २३००च्या आसपास घुटमळू लागलं की हा प्रश्न समोर येतोच. आंतरराष्ट्रीय मास्टर या किताबासाठी नॉर्म, म्हणजे एकेका स्पर्धेत ठरलेल्या दर्जाची कामगिरी, हवे आहेत, पण वर्षभरात दोन-तीन स्पर्धांपेक्षा जास्त जमणार नाही. अशा वेळी प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो अशा दहा जणांच्या बंद राउंड रॉबिनला जावं, की सगळ्यांना खुल्या असलेल्या दोनशे जणांच्या ओपनमध्ये उतरावं? मी दोन्हीकडे खेळलो आहे आणि हातात दोन नॉर्म आहेत, एक इकडचा, एक तिकडचा. तीन नॉर्म, त्या प्रत्येकात २४५०ची कामगिरी (प्रतिस्पर्ध्यांची रेटिंग सरासरी आणि मिळवलेले गुण यांवरून निघणारा आकडा) आणि २४००चं रेटिंग हे किताबाचे नियम तुम्हाला पाठ असतीलच.

राउंड रॉबिनची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. तिथे गुण सोडून नॉर्मच्या बाकी सगळ्या अटी आयोजकाने आधीच जुळवून ठेवलेल्या असतात. प्रतिस्पर्ध्यांपैकी निम्मे किताबधारक, त्यांत किमान तीन आंतरराष्ट्रीय मास्टर किंवा ग्रँडमास्टर, आणि तुमच्या देशाच्या महासंघाशिवाय आणखी दोन महासंघांचे खेळाडू. चिठ्ठ्या काढल्या की कोणत्या फेरीत कोण आणि कुठला रंग, हेही कळतं. ज्याची तयारी खोलवर पण सावकाश होते, त्याला नऊ जणांचे डाव आधीच चाळून ठेवता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. बुडापेस्टची फर्स्ट सॅटर्डे ही बंद स्पर्धांची मालिका वर्षानुवर्षं याच सोयीवर चालली. अभिमन्यू मिश्रा २०२१मध्ये १२ वर्षं ४ महिने २५ दिवसांचा असताना जगातला सर्वांत लहान ग्रँडमास्टर झाला, तोही बुडापेस्टच्या बंद स्पर्धांमधूनच.

ओपनमध्ये यातलं काहीच हातात नसतं; प्रत्येक फेरीचं पेअरिंग, म्हणजे कोणाशी कोण खेळणार हे, तोवरच्या गुणांवर ठरतं. पहिल्या फेरीत ग्रँडमास्टर, दुसऱ्या फेरीत १९५० रेटिंगचा मुलगा, आणि तो मुलगा प्रत्यक्षात २२००च्या ताकदीने खेळतो. नॉर्मच्या हिशेबात सर्वांत खालच्या एकाच प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग २०५० धरण्याची सवलत मिळते; असा दुसरा समोर आला की सरासरी ढासळते. शिवाय शेवटच्या फेरीचं पेअरिंग असतंच. एकदा आठ फेऱ्यांनंतर माझी कामगिरी पुरेशी होती, पण आंतरराष्ट्रीय मास्टर किंवा ग्रँडमास्टर दोनच भेटले होते. नवव्या फेरीत तिसरा मिळायला हवा होता. रात्री पेअरिंग लागलं तेव्हा समोर बिनकिताबाचा खेळाडू. सकाळी जाऊन बसलो, डाव जिंकलो, नॉर्म नाही. त्या रात्रीची झोप अजून भरून निघालेली नाही.

एवढं होऊनही मी ओपनकडे झुकलो, आणि ते एका अर्ध्या गुणामुळे.

राउंड रॉबिनमध्ये प्रतिस्पर्ध्यांची सरासरी बहुतेक वेळा किमान मर्यादेच्या थोडीच वर ठेवलेली असते. आंतरराष्ट्रीय मास्टरच्या नॉर्मसाठी ती मर्यादा २२३०. तिथून २२८३ पर्यंत सरासरी असेल तर नऊपैकी ७ गुण लागतात. म्हणजे एकही डाव न हरता पाच विजय आणि चार बरोबरी, किंवा दोन हारलात तर उरलेले सातही जिंकायचे. माझ्या तिसऱ्या राउंड रॉबिनमध्ये पहिल्याच फेरीत ग्रँडमास्टर आला. तो संख्या भरायला बोलावलेला, शांत माणूस. चौदाव्या चालीला त्याने बरोबरी सुचवली, मी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होतो, आनंदाने हात मिळवला. दुसऱ्या दिवशी आणखी एक किताबधारक, तशीच बरोबरी. तिसऱ्या दिवशी झुंजलो, पण हत्ती-प्याद्यांचा शेवट सुटलाच नाही, पुन्हा अर्धा. तीन फेऱ्यांत दीड गुण. आता उरलेल्या सहा डावांत साडेपाच हवे होते. एकही डाव न हरता तिसऱ्या दिवशी माझी स्पर्धा संपली होती, आणि पुढचे सहा दिवस तिथेच काढायचे होते. माझ्यासारखे आणखी तिघे-चौघे होते. नॉर्म गेलेला माणूस एकतर घाईने बरोबरी घेतो, नाहीतर उगाच मोहरा टाकून हल्ला करतो. दोन्हींत शिकण्यासारखं फार काही उरत नाही.

आता हाच अर्धा गुण ओपनमध्ये बघा. तिथे २५५०च्या ग्रँडमास्टरशी बरोबरी झाली की सरासरीही चढते आणि गुणही मिळतो. सरासरी २४०७ असेल तर नॉर्मला ५ गुण पुरतात, २४५० असेल तर साडेचार. माझा दुसरा नॉर्म असाच झाला: तीन विजय, चार बरोबरी, दोन पराभव, सरासरी २४१०च्या आसपास. सहावी फेरी हरलो तेव्हाही दुसऱ्या दिवशी खेळायला कारण होतं. नऊच्या नऊ दिवस जीव डावात राहतो, हे मला मोलाचं वाटतं. कदाचित हा माझ्या स्वभावाचा भाग असेल. सलग जिंकत सुटणारा मी नाही. बरोबरीत टिकणारा आहे.

पण म्हणून वाटेल त्या ओपनला नोंदणी करू नका. तुम्ही यादीच्या मध्यावर असाल तर एक दिवस वर, एक दिवस खाली असं झोके घेत राहाल. ओपनचा फायदा खालच्या अर्ध्यात असणाऱ्याला होतो, कारण समान गुणांच्या गटात त्याची गाठ वरच्या अर्ध्यातल्याशी पडते. १९६४ साली माजी विश्वविजेता मिखाइल ताल आइसलँडमधली पहिली रेक्याविक ओपन जिंकला, तेव्हापासून तिचं नाव आहे आणि हार्पा सभागृहात खेळण्याचा आनंद वेगळाच आहे, पण तिथे सगळ्या ताकदीचे लोक येतात, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या खडबडीत जातात. शारजा मास्टर्सचा वरचा गट किंवा स्वित्झर्लंडमधल्या बीलचा मास्टर गट नॉर्मच्या दृष्टीने अधिक भरीव वाटतो. ईस्टरला जर्मनीत कार्ल्सरूहमध्ये होणाऱ्या ग्रेंके ओपनची गर्दी दमवते, पण वरच्या पटांवर किताबधारकांची वाण नसते. एक फेरी रोज की दोन, हेही आधी पाहा; दिवसाला दोन लांब डाव म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी डोकं चालत नाही.

राउंड रॉबिन कुणी निवडावं? ज्याचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागे पडलं आहे त्याने. कागदावर २२०० आणि पटावर २४५० असा झपाट्याने वाढणारा मुलगा असेल, तर २२४०च्या सरासरीत सात गुण त्याला जड नाहीत, आणि ओपनच्या पेअरिंगच्या लहरीवर त्याने विसंबू नये. ज्याचं रेटिंग आणि ताकद बरोबर जुळलेली आहे, त्याला मात्र तो सातचा आकडा फार उंच पडतो, असं मला दिसलं आहे. रेटिंगच्या बाजूनेही तेच. २४०० खाली के-घटक, म्हणजे एका गुणाने रेटिंग किती हलतं तो आकडा, २० असतो, म्हणजे प्रत्येक अर्धा गुण दहा रेटिंगचा. वरच्यांशी बरोबरी करत चढणं जमतं, आणि २४०० स्पर्धेच्या मधल्या फेरीत एकदा गाठलं तरी ते धरलं जातं.

एखाद्या स्पर्धेची सहभागींची यादी लागली की मी आधी रेटिंगने लावून मधोमध रेघ ओढतो आणि मग वरच्या अर्ध्यातले महासंघ मोजतो. सगळेच आपल्या महासंघाचे असतील तर ती स्पर्धा सोडतो. सध्या तिसऱ्या नॉर्मसाठी एका ओपनला नाव दिलं आहे. यादीत मी तळापासून पंधरावा आहे.