बंगल्याचा स्विमिंग पूल: क्लोरीनच्या गोळ्या की द्रव क्लोरीन?

ठाण्याजवळ येऊरला बंगल्यामागे पूल असेल, तर गोळ्या सोयीच्या वाटतात. ट्रायक्लोरची (म्हणजे क्लोरीनची) गोळी फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत, टाकली की सावकाश विरघळते, रोज कुणाला बघावं लागत नाही. पण तिच्यातून सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं: १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) क्लोरीनमागे साधारण ६ पीपीएम. ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं, त्यासाठी ३० ते ५० पीपीएम पुरे. मात्र ते उडून जात नाही, साठतच जातं, आणि मग नेहमीइतकं क्लोरीन असूनही ते मंदावतं नि पाणी हिरवं पडू लागतं. खात्रीचा उपाय एकच, बरंचसं पाणी उपसून नवं भरणं. भर मे महिन्यात पूलभर पाणी असं सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

द्रव क्लोरीनला, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटला, हा त्रास नाही. पण ते जवळपास रोज, शक्यतो संध्याकाळी, मोजून घालावं लागतं. उकाड्यात कॅनमधला जोर कमी होतो, म्हणून थोडंथोडंच आणावं आणि सावलीत ठेवावं.

माझा कौल द्रवालाच. गावाला जाताना तेवढ्या गोळ्या. पीएच ७.२ ते ७.८ ठेवा, पावसाळ्यात तपासणी वाढवा. दोन्ही रसायनं एकत्र मात्र कधीच करू नका, विषारी वायू निघतो.