आयसीयू की घर? बहुविकलांग मुलाची अखेरची अवस्था

तीव्र सेरेब्रल पाल्सी, औषधांना न जुमानणारी आकडी, नळीने भरवणं आणि वरचेवर न्यूमोनिया. अशा मुलाला शेवटी आयसीयूत न्यायचं की घरी ठेवायचं, हा निर्णय कॅज्युअल्टीच्या दारात घेऊ नका. मूल एका न्यूमोनियातून सावरलं की लगेच डॉक्टरांशी बोला.

आयसीयूत आकडी आणि दम लवकर आटोक्यात येतात. पण व्हेंटिलेटर लागला की तो काढायला सुप्रीम कोर्टाची 2018 ची, 2023 मध्ये सुधारलेली प्रक्रिया लागते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, असं प्राथमिक मंडळ. मग वेगळ्या डॉक्टरांचं दुसरं. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आईवडिलांची लेखी संमती घ्यायची, मग रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. तालुक्याच्या गावी एवढे तज्ज्ञ जमवताना दिवस जातात. म्हणून गाठायचंच तर मोठं रुग्णालय गाठा. आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, फक्त सज्ञान माणसाला करता येतं, मुलाच्या नावाने नाही. इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं गुन्हाच आहे. वेदना शमवणं गुन्हा नाही.

आमचा कल घराकडे आहे, पण तयारी असेल तरच. कोकणात पावसात लाइट जाते आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेचं यंत्र) बंद पडतो. 1500 लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला 2 लिटरने साधारण 12 तास पुरतो; पायाने चालणारं सक्शनही (तोंडातला स्राव ओढून काढणारं यंत्र) हवं. घशात घरघर सुरू झाली की मुलाला कुशीवर वळवा, डोकं उंच करा, सक्शनची नळी गालापर्यंतच घाला. खोल घातली तर रक्त येतं आणि स्राव वाढतो. शेवटी पोट मंदावतं. नेहमीएवढं भरवलं तर ते उलटून फुप्फुसात जातं, म्हणून डॉक्टरांना विचारून कमी करा. आकडीसाठी मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे घरी असू द्या. वेदना शमवणारं मॉर्फिन मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळतं, तेव्हा आधीच नोंदणी करा आणि पहिल्या डोसपासून पोट साफ होण्याचं औषध जोडा, नाहीतर बद्धकोष्ठाने मूल तळमळतं.

घराला एक अट मात्र पक्की: मूल नियमित तपासणारा जवळचा डॉक्टर. मृत्यूच्या कारणाचा नमुना 4अ तोच देतो. तो नसेल तर दुःखात पोलीस चौकशी आणि शवविच्छेदन मागे लागू शकतं. ग्रामपंचायतीत नोंद 21 दिवसांत करायची.

मूल अठराकडे आलं असेल तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे द्यायच्या पालकत्वाच्या अर्जाची तयारी आत्ताच करा. अठरानंतर नुसती आईवडिलांची सही रुग्णालय नाकारू शकतं.