नथ शार्प, डोळे गायब : ५० एमएम १.८ लेन्स, आठ महिन्यांनंतर

गणपतीच्या आठवडाभर आधी कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम घेतली, आता चैत्र संपत आलाय. लेन्स वापरलेली होती, आतेभावाच्या मित्राकडची, साडेसहा हजारांना. कॅमेरा माझा साधा १५००डी, बरोबर आलेली १८-५५ किट लेन्स. नोकरी बँकेत, त्यामुळे फोटो काढायला मिळतात ते रविवार आणि सणवार. पहिल्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळी झाले असते. दिवाळीत लिहिलं असतं तर लेन्स विकायला काढल्याची जाहिरातच झाली असती. आता लिहिते आहे त्यात लेन्सपेक्षा माझ्या चुका जास्त येतील, त्याला नाइलाज आहे.

घेण्याचं कारण सगळ्यांचं असतं तेच : मागचं सगळं धूसर आणि माणूस उठून दिसणारा फोटो. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (हा एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). ही १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत घेते. वजन १६० ग्रॅम, पर्समध्ये मावते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, १.६ चा क्रॉप, म्हणजे चित्राचा मधला भागच घेतो, त्यामुळे ५० ची लेन्स ८० सारखी, माणूस जवळ आणल्यासारखी वागते. चेहऱ्यासाठी हे उत्तमच. आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या घरातल्या खोल्यांसाठी मात्र नाही. आरतीला जमलेल्या चौदा जणांचा फोटो घ्यायला मागे मागे सरकत गेले आणि पाठ गोदरेजच्या कपाटाला टेकली, तरी फ्रेममध्ये सातच जण. तेव्हा घोळक्याचे फोटो काढायचे असतील तर किट लेन्स विकू नका.

आता नथ.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मावशी पैठणी नेसून, नथ घालून बसली होती, खिडकीतून छान उजेड येत होता. मी एक मीटरवर गुडघ्यावर बसले, १.८ लावलं, दहा-बारा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे झकास. रात्री कॉम्प्युटरवर उघडले तर नथीचा मोती न् मोती मोजून घ्यावा असा, मधल्या लाल खड्यावर खिडकीची चौकटसुद्धा दिसते, आणि मावशीचे डोळे दुधात बुडवल्यासारखे. सगळ्याच्या सगळ्या फोटोंत तेच. एक मीटरवरून १.८ ला स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची असते. फोकसचा बिंदू निवडायचं काम मी कॅमेऱ्यावर सोपवलं होतं, आणि तो बहुतेक वेळा जे सर्वांत जवळ असेल तेच पकडतो. नथ जवळ होती. त्याने त्याचं काम चोख केलं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. फोकसचा बिंदू मी स्वतः ठरवते, एकच, आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवते. माझ्या कॅमेऱ्यात नऊच बिंदू आहेत आणि अंधुक उजेडात त्यातला मधलाच भरवशाचा. पण मधल्याने डोळा पकडून मग कॅमेरा फिरवून चौकट जुळवायला गेलं, तर १.८ ला तेवढ्यानेही फोकस हलतो. म्हणून आता कडेचा बिंदू वापरते किंवा फोटो थोडा सैल काढून नंतर कापते. दुसरं, १.८ सोडलं. एका माणसाला २.८, दोघं शेजारी असतील तर ४. दोन मीटर मागे सरून ४ ला काढलं की स्पष्ट भाग वीत-सव्वा वीत होतो, त्यात नाक, डोळे, कान, सगळं कुटुंब मावतं. १.८ आता फक्त उजेड कमी पडला तर. लेन्सवर लिहिलेला आकडा वापरलाच पाहिजे असं काही नाही, गाडीच्या मीटरवरही १६० लिहिलेलं असतं.

नवरात्रातली चूक उलटी होती. सोसायटीच्या गरब्यात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ४०० च्या वर न्यायचीच नाही असं मी ठरवून टाकलं होतं, कारण "फोटोत दाणे येतात". शटर १/६० सेकंद. घरी येऊन बघते तर दोनशे फोटोंत एक चेहरा धड नाही, चनिया-चोळ्यांचे नुसते रंगीत फराटे. या लेन्समध्ये हात थरथरल्याचं सावरून घेणारी सोय नाही, त्यामुळे हात स्थिर ठेवायलाही १/८० च्या खाली उतरू नये. आणि नाचणारा माणूस तर माझ्या हाताच्या स्थिरतेची पर्वा करत नाही. दसऱ्याच्या आदल्या रात्री हिंमत करून आयएसओ ३२०० केला. आठपट संवेदनशीलता, म्हणून तेवढ्याच उजेडात शटर १/५०० पर्यंत गेलं. दाणे आले. पण शेजारच्या बेन टाळी देताना हसतायत ते दिसलं, कपाळावरचा घामही दिसला. दाणे कमी करता येतात, हललेला चेहरा कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. त्या बेनना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "ओढणी बराबर नथी", म्हणजे ओढणी नीट नाही. असो.

उत्तरायणाबद्दल थोडक्यात. गच्चीवर भर दुपारी, सगळे पतंगाकडे मान वर करून, आणि तरीही मी बारा वाजताच्या उन्हात पोर्ट्रेट काढायला निघाले. डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली. उपाय गच्चीवरच होता : पाण्याच्या टाकीची सावली. सावलीच्या अगदी कडेला, तोंड उजेडाकडे करून उभं केलं की डोळ्यांत आकाशाचा ठिपका येतो आणि चेहरा जिवंत होतो. फक्त टाकी निळी असेल तर जरा लांब, नाहीतर गाल निळसर. पिवळ्या मांडवात चेहरे काविळीचे दिसतात तोच प्रकार. घरातही तसंच, एका बाजूला ट्यूबलाइट आणि दुसऱ्या बाजूला पिवळा दिवा असेल तर अर्धा चेहरा हिरवट, अर्धा केशरी. यावर फुकटचा इलाज आहे, एक बटण बंद करायचं. मला तो सुचायला तीन महिने लागले.

उजेड कुठून येतो हे बघायची सवय मला लेन्सने लावली नाही. फेब्रुवारीत एका रविवारी लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फतेहसिंग म्युझियममध्ये गेले होते. लहानपणी शाळेच्या सहलीत तिथून धावत गेले असेन, या वेळी राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर एकेक करून उभी राहिले. कॅमेरा पिशवीतच. फक्त नाकाची सावली कुठल्या गालावर पडली आहे एवढंच बघत होते. समोरून सपाट उजेड टाकला की चेहऱ्याची थाळी होते, बाजूने आला की गालाला गोलाई येते. हे यूट्यूबवर दहा वेळा ऐकलं होतं, समजलं तिथे. खिडकीकडे पाठ करून माणूस बसवणं त्या दिवसापासून बंद.

धूसर पार्श्वभूमीचा ताप उतरायला मात्र वेळ लागला. आपल्या बडोद्याचे चित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट, त्यांचे फोटो बघा. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावोगावच्या घरांच्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, आणि तिथल्या बायाबापड्या. त्यातली भिंत धूसर केली तर उरलं काय? आणि मी काय करत होते, तर न्यायमंदिर या जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोर भावाला उभं करून मागचं न्यायमंदिर पार पुसून टाकत होते. तो फोटो आमच्या गल्लीतही निघाला असता, रिक्षाभाडं वाचलं असतं. धूसरतेने दोष लपतात हाही गैरसमज. कमाटी बागेत काढलेल्या एका फोटोत बहिणीच्या डोक्यातून दिव्याचा खांब उगवला आहे. धूसर खांब, पण खांबच.

एक चूक कॅमेऱ्याची नव्हेच, एडिटिंगची. दिवाळीत मावशीचा एक फोटो खरंच चांगला आला होता. मी उत्साहात त्वचा इतकी गुळगुळीत केली की तिने मोबाइल जवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं, "अगं, माझा तीळ कुठे गेला?" हनुवटीवरचा तीळ, साठ वर्षांचा. तिला वाईट वाटलं होतं, हे तिने दाखवलं नाही तरी कळलं. आता पुटकुळी काढते, तीळ आणि सुरकुती तशीच ठेवते.

कोणी घ्यावी? घरातल्या माणसांचे, एकेकट्याचे फोटो काढायचे असतील आणि बजेट बेताचं असेल तर जरूर. वापरलेली घेत असाल तर समोरची काच टॉर्च लावून तपासा, आत बुरशी नाही ना बघा, आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून जवळ-लांब दोन्हीकडे फोकस करून पाहा. ३५ सेंटिमीटरच्या आत ती फोकस करणार नाही, त्यामुळे मंगळसूत्राच्या वाट्या वगैरे अगदी जवळून काढायला उपयोग नाही.

आणि आजोबा. वय ८८, ओसरीवरचा झोपाळा ही त्यांची कायमची जागा. सकाळी नऊला दारातून उजेड येतो तो थेट त्यांच्या डाव्या गालावर. सप्टेंबरपासून मी तो फोटो काढायचा प्रयत्न करत होते. झोपाळा एक हात पुढे येतो, एक हात मागे जातो, १.८ ला फोकस लागेपर्यंत आजोबा पुढच्या मुक्कामाला. "आजोबा, जरा थांबवा ना," म्हटलं की ते पाय टेकून थांबायचे, आणि चेहराही थांबायचा, आधार कार्डासारखा. त्यांच्या लहानपणी फोटोवाला येऊन हनुवटी धरून मान वळवायचा म्हणे, ते अजून अंगात होतं.

मागच्या महिन्यात मी सांगणंच सोडलं. दोन मीटरवर स्टूल टाकून बसले, ४ लावलं, १/२५०, आयएसओ ८००, आणि त्यांना पूर्वी पाणी किती वाजता यायचं ते विचारलं. झोपाळा मागे टोकाला गेला की क्षणभर स्तब्ध होतो, उंच उडवलेला चेंडू वर थबकतो तसा. तेवढ्या क्षणाला बटण. अकरा फोटो फुकट गेले, बारावा लागला. तोंड उघडं, एक बोट वर, डोळ्यात दाराची चौकट. मागे आजीचा हार घातलेला फोटो धूसर आहे, पण आजीच आहे हे ओळखू येतं.

मोठी प्रिंट काढून दिली. आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद नाकापाशी नेला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झोपाळ्याची कडी गंजली आहे बघ. तेल घालायला सांग कोणाला तरी."